उघडझाप हेडलाइटच्या मिआटात बॅलास्ट, इग्नायटर आणि रिले नेमके कुठे बसवावेत?

तुम्ही न्यू जर्सीत राहता, तुमच्याकडे १९९४ची माझदा एमएक्स-५ मिआटा आहे. तिचे मूळचे सात इंची सीलबंद दिवे काढून तुम्ही आत बाय-झेनॉन प्रोजेक्टर (एकाच झेनॉन बल्बमधून अप्पर आणि डिप्पर दोन्ही देणारी भिंगाची रचना) असलेले गोल दिवे घेतलेत. सोबतच्या खोक्यात दोन बॅलास्ट (बल्बला हवी तशी वीज बनवून देणाऱ्या डब्या), दोन इग्नायटर (बल्ब पेटवणारे), रिलेचं हार्नेस (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच, हार्नेस म्हणजे वायरींचं तयार जुडगं) आणि दोन 'कॅन्सलर' निघाले. एक मित्र म्हणतो, सगळं दिव्याच्या झाकणाच्या आतच चिकटवून टाक. दुसरा म्हणतो, बंपरच्या आत भरपूर जागा आहे, तिथे लाव. तुम्ही विचारताय की यातलं बरोबर कोणतं. माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि का चूक आहेत ते नीट समजून घेतलंत तर पुढची प्रत्येक जागा तुमची तुम्हालाच सापडेल.

मी बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यातली अकरा शारजात गेली आणि या पिढीच्या चार एमएक्स-५ तिथे माझ्या हाताखालून गेल्या. आता पुण्यात आहे. खाली लिहिलेलं बरंचसं हात भाजून शिकलेलं आहे.

आधी कायद्याचं सांगतो, कारण नंतर सांगण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या १०८ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकात प्रत्येक दिव्याची मान्यता ठराविक प्रकाशस्रोतासाठी असते. हॅलोजनसाठी मान्य झालेल्या दिव्यात झेनॉन बल्ब घालणं त्यात बसत नाही, आणि मान्य दिवा उघडून आत प्रोजेक्टर बसवला की त्याची मूळ मान्यता उरत नाही. तुमच्या राज्यात रस्त्यावर काय चालतं हे सामान बसवण्याआधी विचारून घ्या. गाडी रोज रात्री रस्त्यावर चालवायची असेल तर डॉट शिक्का (दिवा अमेरिकी मानकात बसतो अशी बनवणाऱ्याची खूण) असलेला अख्खा सात इंची एलईडी दिवा घ्या, असंच मी सांगेन. त्यात बॅलास्ट नाही, इग्नायटर नाही, जागेचा प्रश्नही जवळपास संपतो. फक्त त्याची मागची उष्णताशोषक पाठ जाड असते, तेवढी दिवा बसतो त्या वाटीत मावते का ते बघावं लागतं. पण तुम्ही सामान घेतलंय आणि प्रश्न जागेचा विचारलाय, तर उत्तर त्याचंच देतो.

तुमच्या गाडीची मुख्य गोष्ट ही की तिचा दिवा हलतो. साध्या गाडीत दिवा, बॅलास्ट आणि बॉडी एकमेकांच्या तुलनेत स्थिर असतात, म्हणून कुठेही दोन स्क्रू मारले तरी वर्षानुवर्षं चालून जातं. मिआटात मात्र प्रत्येक वेळी मोटर दांडा ओढते, दिव्याची वाटी बिजागरीवर फिरते आणि वर येते. तेव्हा हलणाऱ्या भागावर फक्त तेच ठेवायचं जे तिथेच असायला हवं. बाकी सगळं बॉडीच्या पत्र्यावर. झाकणाच्या आत सगळं चिकटवायचा सल्ला इथेच बाद होतो. बॅलास्ट आणि त्याची पट्टी मिळून बऱ्यापैकी वजन होतं. ते वजन वाटीवर आलं की मोटरच्या दांड्याचे बुश (सांध्यातल्या कड्या) आधी ढिले होतात, मग दिवा वर आल्यावर खड्ड्यात थरथरतो, आणि समोरच्या भिंतीवर पडलेली प्रकाशाची रेष नाचताना दिसते. तीस वर्षांच्या गाडीचे बुश तसेही झिजलेलेच असतात.

मग वाटीवर काय राहील? दिवा आणि इग्नायटर. इग्नायटर तिथेच का, ते सांगतो. झेनॉन बल्बमध्ये तार नसते, दोन टोकांमध्ये विजेची कमान पेटते. ती पेटवायला क्षणभर २०,००० ते २५,००० व्होल्टचा ठोका लागतो. एकदा पेटली की डी२एस प्रकारचा झेनॉन बल्ब ८५ व्होल्टच्या आसपास आणि ३५ वॉटवर शांतपणे चालतो. तो ठोका इग्नायटर देतो, म्हणून इग्नायटर ते बल्ब ही वायर कंपनीने जेवढी दिलीय तेवढीच राहू द्यायची. वाढवायची नाही, कापून जोडायची नाही, वेटोळं करून बांधायची नाही, दुसऱ्या वायरींच्या जुडग्यात घालायची नाही. वाढवायची वेळ आलीच तर बॅलास्टच्या पुरवठ्याची १२ व्होल्टची बाजू वाढवा. त्या बाजूला एक-दीड मीटर जास्त झाल्याने काही बिघडत नाही, फक्त वायर जाड घ्या.

इग्नायटर वाटीच्या पाठीला अॅल्युमिनियमच्या छोट्या पट्टीने आवळा. नुसत्या दुहेरी टेपवर सोडू नका. टेपबद्दल मला तिटकारा का आहे त्याचं कारण आहे. शारजात सुरुवातीच्या काळात मी एका गाडीचे दोन्ही बॅलास्ट रेडिएटरच्या प्लास्टिक आवरणावर टेपने लावले होते. जागा सपाट होती, हात पोहोचत होता, दहा मिनिटांत काम झालं. ऑगस्टमध्ये गाडी परत आली. टेपचा गोंद मधासारखा पातळ होऊन ओघळला होता, एक बॅलास्ट वायरवर लोंबकळत होता आणि त्या वायरचं आवरण पुलीला घासून आतला तांब्याचा पीळ उघडा पडला होता. आग लागली नाही हे नशीब. तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या एकाही गाडीत बॅलास्ट टेपवर नाही, रेडिएटरच्या आवरणावर तर नाहीच.

आता बॅलास्टची जागा. मी या गाडीत तो दिव्याच्या खाचेच्या बाजूला, मडगार्डच्या आतल्या उभ्या पत्र्यावर, जमेल तितका वर लावतो. दोन्ही बाजूंना एकेक. रेडिएटरच्या मागे गेलात की पंख्याने फेकलेली गरम हवा थेट अंगावर येते. दर्जेदार बॅलास्ट १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालायला बनवलेले असतात, पण ती सहन करण्याची शेवटची हद्द आहे, रोज तिथे राहायची जागा नव्हे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा, खूप तापणारा भाग) ज्या बाजूला आहे त्या बाजूचा बॅलास्ट आणखी पुढे सरकवा. बॅलास्टचं खोकं धातूचं असतं ते उगाच नाही, आतली उष्णता त्यातून बाहेर पडते. म्हणून तो पत्र्याला किंवा जाड अॅल्युमिनियमच्या पट्टीला पूर्ण पाठ टेकवून बसवा, मध्ये फोम घालू नका. फोम घातला की आपल्याला वाटतं धक्क्यापासून वाचवलं, प्रत्यक्षात आपण त्याला दुलई पांघरलेली असते.

पत्र्याला नवीन भोकं पाडण्याआधी मडगार्डच्या कडेचे बोल्ट बघा. १० नंबरच्या पान्याने निघणारे एम६चे बोल्ट तिथे ओळीने आहेत. दोन मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवायची, एक टोक त्या बोल्टखाली, दुसऱ्यावर बॅलास्ट. गाडी जशी होती तशी परत करता येते आणि गंजाला नवीन दार उघडत नाही. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. उघड्या भोकाच्या कडेला ते मीठ काय करतं हे तुम्हाला मी सांगायला नको. भोक पाडावंच लागलं तर कडेला जस्ताचा प्रायमर लावून, वाळवून, मगच स्क्रू.

याच मिठामुळे बंपरचा सल्लाही बाद. बंपरच्या आत जागा आहे हे खरं. पण चाकांनी उडवलेलं पाणी, खडे, मीठ सगळं तिथे जातं, आणि साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की सर्वांत आधी तोच भाग बुडतो. शिवाय पार्किंगमध्ये मागे-पुढे करताना लागणारा पहिला धक्का तिथेच. हॉर्नच्या पट्टीवर लावायचा मोहही टाळा, हॉर्न स्वतःच थरथरतो.

पाण्याच्या बाबतीत एक सवय लावून घ्या: बॅलास्टचं, रिलेचं, फ्यूजच्या डबीचं तोंड नेहमी खाली. कनेक्टर खाली बघणारा, आणि वायर कनेक्टरपाशी पोहोचण्याआधी थोडी खाली झुकून मग वर यायला हवी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब त्या झोळाच्या तळाशी गळून पडतो. मागच्या पावसाळ्यात पुण्यात एक गाडी आली. एक दिवा कधी लागायचा, कधी नाही. मालकाने तोवर दोन बल्ब बदलले होते. मी बॅलास्ट काढला तर कनेक्टर वर तोंड करून बसवलेला. तो उपसला तेव्हा चमचाभर पाणी हातावर सांडलं आणि पाण्याबरोबर हिरवट भुकटी आली. पिना खाऊन सुईएवढ्या राहिल्या होत्या. बल्ब दोन्ही चांगले होते.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवतो तो हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या भागांमधल्या वायरवर. तुम्हीही घालवा. बॅलास्टपासून इग्नायटरकडे जाणारी वायर प्रत्येक उघडझापीला वाकणार आहे. ती बिजागरीपासून लांब, सरळ रेषेत नेलीत तर दर वेळी ताणली जाईल आणि एक दिवस आवरणाच्या आत, बाहेरून न दिसता, तुटेल. तीच वायर बिजागरीच्या अक्षाजवळून, अक्षाला समांतर नेली तर ती ताणली जात नाही, फक्त थोडी पिळली जाते, आणि तो पीळ दहा-बारा सेंटिमीटर लांबीत वाटला जातो. दाराच्या कब्जाजवळून जाणारी वायर बघा, कारखान्यात नेमकं हेच केलेलं असतं. तुमच्या मूळ दिव्याची वायर ज्या वाटेने वर जाते तीच वाट धरा. माझदाच्या लोकांनी ती विचार करूनच आखली आहे. या टप्प्यात बॅलास्टच्या स्वतःच्या केबलवर मऊ जाळीची स्लीव्ह चढवा आणि दोन्ही टोकांना रबरी अस्तराच्या क्लिपने पकडा. केबल टाय थेट वायरवर आवळू नका. जिथे आवळाल तिथेच ती वाकायला लागेल आणि तिथेच तुटेल.

वाट ठरली की मोटर न वापरता हाताने दिवा वर-खाली करून बघा. प्रत्येक मोटरवर रबरी टोपीखाली फिरवायची मूठ आहे. आधी रिट्रॅक्टरचा, म्हणजे दिवे वर-खाली करणाऱ्या मोटरचा, फ्यूज काढा, म्हणजे बोटं आत असताना मोटर अचानक फिरणार नाही. मूठ सावकाश फिरवत प्रत्येक टप्प्यावर टॉर्च मारून बघा की प्रोजेक्टरची पाठ, इग्नायटर आणि वायर कशाला टेकतात का. नजरेचा अंदाज इथे फसतो. मी घरून कणकेचा गोळा आणतो. प्रोजेक्टरच्या पाठीवर आणि इग्नायटरच्या कोपऱ्यांवर सुपारीएवढे गोळे चिकटवतो, दिवा पूर्ण बंद करतो, परत वर आणतो. जिथे गोळा चपटा झाला तिथे किती मिलिमीटर उरले ते सरळ मोजता येतं. दहा मिलिमीटरपेक्षा कमी उरले तर मी जागा बदलतो, कारण गाडी उभी असताना जे टेकत नाही ते खड्ड्यात टेकतं. मुलांची प्लास्टिसीनही चालते, पण कणीक पुसायला सोपी.

आता वीज. इथे तुमच्या खोक्यातलं हार्नेस तुम्हाला अडवणार आहे. ते बनवणाऱ्याने गृहीत धरलंय की बॅटरी बोनेटखाली आहे. तुमच्या मिआटाची बॅटरी डिकीत आहे. म्हणून लाल वायर बॅटरीपर्यंत पोहोचणार नाही, आणि ती पोहोचवण्यासाठी गाडीच्या पोटातून मागे नेण्याची गरजही नाही. डिकीतून येणारी जाड केबल बोनेटखालच्या मुख्य फ्यूजच्या डबीत येते. बॅटरीची पिन काढून ठेवा आणि त्या डबीत केबल जिथे बोल्टला बसते तिथून पुरवठा घ्या. तिथून १५ सेंटिमीटरच्या आत स्वतंत्र फ्यूज. मुख्य वायर ४ चौरस मिलिमीटरची, प्रत्येक बॅलास्टकडे जाणारी फाटी अडीचची, फ्यूज २५ अँपिअरचा. आकडे मोठे वाटतील, कारण पेटल्यानंतर प्रत्येक बाजू तीन-साडेतीन अँपिअरच खाते. पण थंड बल्ब पेटवताना बॅलास्ट काही सेकंद त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. वायर बारीक असेल तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज पडतं, बॅलास्ट हार मानतो, आणि लोक म्हणतात सामान खराब निघालं.

रिले मुख्य फ्यूजच्या डबीजवळच, उभ्या पत्र्यावर, पिना खाली. त्याला चेतवायला जुन्या दिव्याचा एकच तीन पिनांचा प्लग वापरा, दुसऱ्याचं तोंड पाणी जाणार नाही असं बंद करून बांधून ठेवा. जोडण्याआधी मात्र मीटर घेऊन बसा. बऱ्याच जपानी गाड्यांमध्ये सामायिक (अप्पर-डिप्पर दोन्हींची एकच असलेल्या) पिनेवर कायम १२ व्होल्ट असतात आणि अप्पर-डिप्परचा स्विच निगेटिव्हच्या बाजूला काम करतो. अशा वेळी रिलेच्या कॉइलचं एक टोक पिनेला आणि दुसरं बॉडीला दिलंत तर एकतर काहीच होणार नाही किंवा रिले सोडणारच नाही. म्हणून कॉइलची ८५ आणि ८६ ही टोकं बॉडीला न देता सामायिक पिन आणि डिप्परची पिन यांच्यामध्येच जोडा, स्विच कुठल्याही बाजूला असला तरी काम होतं. रिलेच्या आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर तेवढी टोकांची दिशा सांभाळा. आणखी एक तपासा. अप्पर लावल्यावर डिप्परची पिन मेली तरी बॅलास्ट बंद पडता कामा नये. बाय-झेनॉनमध्ये बल्ब पेटलेलाच राहतो, अप्परला फक्त आतला पडदा खाली पडतो. चांगल्या हार्नेसमध्ये त्यासाठी डायोड असतात. नसतील तर दर अप्परला बल्ब विझून पुन्हा पेटेल आणि लवकर मरेल.

अर्थिंग वाटीवरून कधीही घेऊ नका. वाटी बॉडीला बिजागरी आणि बुशमधूनच टेकते, त्यातून वीज भरवशाने जात नाही. बॅलास्टची काळी वायर बॉडीला, रंग खरवडून चकचकीत केलेल्या जागी, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि बोल्टने द्या. वर व्हॅसलीनचा हात फिरवा. दोन्ही बॅलास्टची अर्थिंग वेगवेगळ्या बोल्टवर दिली तर उद्या एक सैल झाली तरी दुसरा दिवा चालू राहतो.

खोक्यातले दोन 'कॅन्सलर' परत खोक्यात ठेवा. बल्ब गेलाय का हे संगणकाकरवी तपासणाऱ्या नव्या गाड्यांना फसवण्यासाठी ते असतात. १९९४च्या मिआटाला असला प्रश्नच पडत नाही. त्यांच्यात सहसा रेझिस्टर असतो आणि तो भाजण्याइतका तापतो. नको असलेली गरम वस्तू प्लास्टिकच्या शेजारी का ठेवायची?

काम चालू असताना बॅटरीची पिन काढलेली हवीच. दिवा पेटलेला असताना किंवा पेटवून बघताना इग्नायटरच्या वायरला हात लावू नका, कितीही जाड आवरण असलं तरी.

सगळं बसलं की रोख लावणं उरतं. तेवढ्यासाठी थकून उद्यावर टाकू नका, कारण ३५ वॉटचा डी२एस बल्ब ३,२०० ल्युमेन देतो, साध्या एच४ हॅलोजन बल्बच्या डिप्परपेक्षा साधारण तिप्पट. चुकीच्या रोखाचा असा दिवा समोरच्या माणसाला काही क्षण आंधळा करतो. अमेरिकेत हेडलाइट जमिनीपासून किमान २२ इंच उंच असावा लागतो, आणि इतकं खाली नाक असलेल्या गाड्यांना उघडझाप दिवे द्यावे लागले त्याचं हेही एक कारण. तुमच्या गाडीच्या स्प्रिंग बदलून ती खाली बसवली असेल तर मोजपट्टी घेऊन ती उंची आधी मोजा. मग सपाट जमिनीवर, तुमच्या वजनाचं कुणीतरी सीटवर बसवून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिप्परची कापलेली रेष त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. दिवे मोटरने वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा आणि परत बघा. रेष जागची हलली असेल तर दोष बुशमध्ये आहे, रोखाच्या स्क्रूने तो झाकू नका, आधी बुश बदला.

महिन्याभराने एकदा बोनेट उघडा आणि दिवा अर्धा वर आणून बिजागरीजवळची जाळीची स्लीव्ह बोटांनी चाचपा. कुठे चमकदार, घासल्यासारखा डाग दिसला तर क्लिप एक सेंटिमीटर सरकवून बघा. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं. तरीही घासत असेल तर त्या जागेचा, दिवा वर आणि खाली असे दोन फोटो पाठवा, मी वाट कशी बदलायची ते सांगतो.